दहा गुंठे, दहा कुंड्या

पाच माणसांचं कुटुंब १० गुंठ्यांत सुखाने जगू शकतं, असं प्रयोग परिवाराच्या श्री. अ. दाभोळकरांनी मांडलं होतं. माझ्या नवऱ्याने हे एका कार्यशाळेत ऐकलं आणि घरी येऊन आधी माणसं मोजली. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी. बरोब्बर पाच! आता राहिले फक्त गुंठे. १० गुंठे म्हणजे जवळजवळ ११,००० चौरस फूट. आमच्या कोथरूडच्या सोसायटीने गच्चीचा जो कोपरा दिला, तो पाण्याच्या टाकीची सावली धरून जेमतेम १००. "गुंठे नसले म्हणून काय झालं? दहा कुंड्या तर बसतील," असं म्हणून त्याने सेंद्रिय शेतीचा नारळ फोडला.

मुलीने हिशोब मांडला. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खा. पाच जणांची दोन किलो. महिन्याची साठ. त्यात बटाटा धरत नाहीत हे कळल्यावर सासऱ्यांनी त्या संघटनेचं नावच टाकलं.

स्लॅबवर भार नको म्हणून माती कमी. कोकोपीट, गांडूळखत आणि निंबोळी पेंड जास्त. इथवर खर्च नवऱ्याच्या खिशातून होत होता, त्यामुळे मी शांत होते. मग जीवामृत आलं. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं एकराचं प्रमाण असं: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, तेवढेच लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. नवऱ्याने दहाने भागून बादलीचं प्रमाण काढलं. शेण-गोमूत्र त्याने कुठून कुठून पैदा केलं, बांधावरच्या मातीसाठी पार मुळशीपर्यंत जाऊन आला. गूळ आणि बेसनाला मात्र त्याला लांब जावं लागलं नाही. गुळाने जिवाणूंना ताकद मिळते आणि बेसनातून प्रथिनं, असं त्याने मला समजावलं. एवढं पौष्टिक आमच्या घरात फक्त बाळंतिणीला करतात.

ते मिश्रण ४८ तास सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं असतं. गच्चीवर सावली टाकीखाली आणि टाकीखालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी दोन वेळा ड्रेनेजवाल्याला बोलावलं. आम्हीही नाकाला रुमाल लावून त्यांच्याबरोबर शोध घेतला. शेजारधर्म म्हणून.

पुढे रोगराई सुरू झाली. चवळीवर मावा आला, त्याला लसूण-मिरचीचा अर्क. काकडीच्या पानांवर भुरी आली, तिला आंबट ताक. भेंडीवर पिठ्या ढेकूण आला, त्याला निंबोळी अर्क. तो पानाला चिकटून राहावा म्हणून त्यात माझा भांड्यांचा साबण. केळीची सालं, तांदळाचं धुवण, चहाचा चोथा यांवर आता घरात कुणाचाही हक्क उरला नाही. सासऱ्यांनी एकदा कढी मागितली, तर ताक काकडीने संपवलेलं.

दुधीचा प्रकार वेगळाच. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, नर वेगळा, मादी वेगळी. मादीच्या मागे बोटाएवढा दुधी आधीपासूनच असतो. पण पराग मिळाला नाही, तर तो पिवळा पडून गळतो. आमच्या गच्चीवर पतंग-भुंगे फिरकत नाहीत. त्यामुळे ऑफिसातून आला की नवरा मुलीचा रंगकामाचा ब्रश घेऊन वर जायचा आणि एकेक स्थळ उरकून यायचा. सासूबाई म्हणाल्या, "अरे, सख्ख्या भाच्याचं तुला जमवता आलं नाही, आणि दुधीचं बरं जमवतोस!"

कबुतरांनी कोवळी मेथी खाल्ली, पोपटांनी मिरच्या. दोघंही सेंद्रिय मालाचे पक्के पारखी. शेजारच्या गच्चीवरच्या, रासायनिक खतं घातलेल्या गुलाबाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चकाकीला पक्षी भितात म्हणून नवऱ्याने जुन्या सीड्या टांगल्या. त्यांतली एक आमच्या लग्नाची निघाली. कबुतरं तिच्याखाली निवांत बसतात. लग्नाला काय भ्यायचं, एवढं त्यांना कळत असावं.

उरलेल्या मेथीची भाजी झाली तेव्हा परातभर पाला शिजून वाटीभर राहिला. प्रत्येकाच्या वाट्याला दोन घास आले, आणि घासागणिक "चव वेगळीच आहे ना?" हा प्रश्न. वेगळी होती, खरंच. माझं बेसन होतं त्यात.

या सगळ्यात एकच पीक बेफाम आलं: अळू. सासूबाईंनी टाकीच्या ओव्हरफ्लोखाली फुटक्या टबात दोन कंद खोचले होते. त्यांनी कार्यशाळा केली नव्हती, अर्क दिला नव्हता, पानांची विचारपूसही केली नव्हती. आमच्याकडे फदफदं होतं, वड्या होतात, खालच्या सेक्रेटरींकडेही वड्या जातात. तेव्हापासून त्यांना वास येत नाही.

भाजीवाल्या मावशींकडची खरेदी कमी होईल असं वाटलं होतं. पण दुधी, मेथी, टोमॅटो अजून त्यांच्याकडूनच येतं. शिवाय मिरची-लसूणही जास्त लागते, कारण आता ती खाणारी तोंडं घरात आहेत तशी गच्चीवरही आहेत. "साहेबांची बाग जोरात दिसतीय, ताई," त्या पिशवी भरताना म्हणतात. एक मात्र झालं: कोथिंबिरीच्या जुडीसाठी नवरा आता त्यांच्याशी हुज्जत घालत नाही. एक जुडी उगवायला काय लागतं, हे त्याला कळलंय.

तेव्हा ज्यांना बाग करायची आहे त्यांनी जरूर करावी. फक्त तीन गोष्टी पाळा: बेसनाचा डबा कुलपात ठेवा, सुरुवात अळवाने करा आणि भाजीवालीशी भांडू नका. बाग तुम्हाला पोसेपर्यंत तुम्हाला आणि बागेलाही तीच पोसणार आहे.