कांथा, सांडगे आणि चांभारचौकशा

अगं, ती निळ्या काठाची सुती साडी बोहारणीला दिलीस की काय? देऊ नकोस, थांब! इकडे कठड्याजवळ ये, हळू बोलू. खालच्या माशीमांच्या कानावर गेलं तर जीव जाईल त्यांचा. कोलकात्याच्या बालीगंजात राहून मऊ झालेली साडी स्टीलच्या डब्यावर घालवायची नसते.

परवा त्यांनी सासूबाईंच्या वेळचा कांथा काढून दाखवला मला. आपली गोधडी कशी, वर एखादं धड लुगडं, पोटात चिंध्या, आणि घरात सापडेल तो दोरा. या बंगाल्यांचं म्हणजे जुनी धोतरं-साड्या एकावर एक नीट अंथरायच्या आणि दोरा विकत आणायचाच नाही! काठातलेच लाल, निळे, काळे धागे ओढून काढायचे. टाका म्हणशील तर आपला साधा धावदोरा; पण त्यातून मासे काय, पालख्या काय, कमळं काय! मी म्हटलं, आमच्याकडे पाठीला टोचली नाही की गोधडी चांगली. तर हसून म्हणतात कशा, मग तुमच्या बायकांनी दुपारभर करायचं काय?

बरं, तुझे अहो ज्या गुरुसदय रोडवरून ऑफिसला जातात ना, बिर्ला म्युझियमवरून, ते गुरुसदय दत्त आयसीएस अधिकारी. साहेब खरे, पण जातील तिथल्या खेड्यांतून कांथे, पटचित्रं, मिठाईचे साचे गोळा करायचे. तो संग्रह जोक्याच्या संग्रहालयात. त्यात मानदासुंदरी नावाच्या बाईने वडिलांसाठी शिवलेला कांथा आहे, आणि पठ्ठीने टाक्यांनी आपलं नावही घातलंय त्यावर. आपल्या किती आज्या अशा नाव न घालता गेल्या, सांग बघू.

पण खरी गोष्ट त्यांच्या बायकोची, सरोजनलिनीची. रस्ता नवऱ्याच्या नावाचा, म्हणून ती कुणाला ठाऊक नाही. नवऱ्याची बदली होईल त्या जिल्ह्यात ही बाई पडद्यातल्या बायकांना एकत्र करायची. पहिली महिला समिती पाबन्याला, 1913 साली. तिथे शिवण शिका, बाळाचं दूध-पाणी नीट कसं ठेवायचं ते ऐका, आपल्याला येतं ते दुसरीला दाखवा. पहिल्यांदा ‘साहेबांच्या घरून बोलावणं आहे’ म्हणूनच आल्या असतील गं, नाही म्हणायची टाप कुणाची! पण पुन्हा आल्या त्या स्वतःच्या हौसेने, असं मला आपलं वाटतं. घरात विचारायची सोय नसते अशा कितीतरी गोष्टी असतात.

1925 मध्ये गेली बिचारी, पुरती अडतीसचीही नव्हती. त्याच वर्षी नवऱ्याने तिच्या नावाची संस्था काढली. तीच ती, आपल्या बालीगंज स्टेशन रोडवरची. संस्थेचं ‘बंगलक्ष्मी’ नावाचं मासिकही निघायचं. शिवाय दत्तांनी बायकोचं चरित्र लिहिलं. ते इंग्रजीत 1929 ला लंडनला छापलं व्हर्जिनिया वुल्फ आणि तिच्या नवऱ्याच्या हॉगार्थ प्रेसने, प्रस्तावना रवींद्रनाथांची! आपल्या पुण्यात रमाबाई रानड्यांचं सेवासदन 1909 चं, म्हणजे आपण मागे नव्हतो हो. पण ‘ह्यांना’ विचारून बघ, माझं चरित्र लिहाल का म्हणून. माझ्या घरी तर किराण्याची यादीसुद्धा मलाच लिहावी लागते.

आता माशीमांना मी सांडगे शिकवतेय आणि त्या मला गयना बोडी. मेदिनीपूरकडची ती. उडदाची डाळ वाटून इतकी फेटायची की थेंब पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. ताटात खसखस पसरायची आणि कापडाच्या पुरचुंडीला टिनाचं नळकं लावून वर नक्षी काढायची: बाजूबंद, हार, कुयरी. माझा पहिला हार जिलबी झाला. सुकली की तळायची, तीही अलगद, नाहीतर सगळा दागिना मोडतो. त्यांना आपले कोहळ्याचे सांडगे फार आवडले. अर्थात चालकुमड्याची बोडी त्यांच्याकडेही असतेच, हे लगेच ऐकवलं!

पण तिसऱ्या मजल्यावरच्या बौदीला विचारायला जाऊ नकोस हं. तिची मोहरीची कासुंदी अमृत, पण कृती सांगताना एक जिन्नस हमखास गाळते. दोनदा बिघडली माझी. मीही मग चकलीच्या भाजणीत धणे सांगितलेच नाहीत तिला. असू दे, फिटंफाट.

कोजागरीला यांची लक्ष्मी असते. तांदळाच्या पिठीने दारापासून देव्हाऱ्यापर्यंत पावलं काढतात, आपल्या गौरीसारखी. माझी बोटं आता थरथरतात, तू काढ. मसाल्याचं दूध मी करते, माशीमांना केशर जास्त लागतं.

आणि ती साडी आण आधी. काठ उसवायला सुई नको, ब्लेड घे. पण जरीची आणू नकोस; काठातला धागा निघत नाही आणि अंगाला बोचते ती वेगळीच.