‘या’ कुणाला, ‘ये’ कुणाला?

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद. कर्नाटकाच्या या सीमापट्ट्यात आदरानं बोलायचं तर एका भाषेत शिकून भागत नाही. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. मराठीत ‘ये’ आणि ‘या’, कन्नडात ‘बा’ आणि ‘बर्री’, दखनीत ‘तू’ आणि ‘आप’. 1956 साली बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी-औराद म्हैसूर राज्यात. सोयरिकी आणि बोली मात्र तशाच राहिल्या. इथलं शाळकरी पोरही कुणाशी कोणत्या भाषेत किती अदबीनं बोलायचं, ते बिनचूक ओळखतं.

ओळखतं, म्हणूनच राग येतो. कन्नड कच्चं असलेला आपला माणूस साहेबापुढं प्रत्येक क्रियापदाला ‘री’ लावायला विसरत नाही. तोच शेतावर येऊन साठीच्या सालगड्याला ‘ए, इकडं ये’ म्हणतो. तिकडं कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या म्हातारीला साहेब ‘नीनु’, म्हणजे ‘तू’, म्हणतो. आदर दोघांनाही बोलता येतो. तो फक्त वरच्यासाठी राखून ठेवायचा, एवढंच दोघांनी ठरवून टाकलंय.

‘आमच्याकडं तू म्हणजे जिव्हाळा’ ही सबब नको. आईला आपण तू म्हणतो, विठ्ठलाला म्हणतो, तालमीतल्या दोस्ताला म्हणतो. खरं आहे. मग कसोटी लावा. ज्याला तुम्ही तू म्हणता, त्यानं उलट तू म्हटलं तर तुम्हाला चालेल का? चालत असेल तर जिव्हाळा. नसेल तर ती हुकमत.

ही एकतर्फी अदब फक्त आपल्याकडं नाही. जपानी शिकणाऱ्यांची आदरार्थी बोलण्यापाशी दमछाक होते. समोरच्याला मोठं करणारी क्रियापदं वेगळी, स्वतःला लहान करणारी वेगळी. 2007 मध्ये तिथल्या सांस्कृतिक परिषदेनं या आदरभाषेचे 5 प्रकार सांगणारी मार्गदर्शिका दिली. तरीही दुकानातला पोरगा गिऱ्हाइकाशी कमालीच्या नम्रतेनं बोलतो आणि गिऱ्हाइकावर तसं बोलायचं बंधन नसतं. पाचही प्रकार पाठ झाले, तरी मान एकाच दिशेनं वाहू शकतो.

दिशा फिरवण्याचा धडा आपल्याच मातीत आहे. बाराव्या शतकात बसवण्णा कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, बिज्जळ राजाचे मंत्री होते. हरळय्या जोडे शिवणारे. आख्यायिका अशी, की वाटेत हरळय्यांनी ‘शरणु’ म्हणून वंदन केलं आणि बसवण्णांनी ‘शरणु शरणार्थी’ असं उत्तर दिलं. मिळाला त्याहून जास्त मान परत केला. या मानाची उतराई म्हणून हरळय्या आणि त्यांच्या पत्नी कल्याणम्मांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे शिवले, असं लोक सांगतात. मला त्या जोड्यांहून मंत्र्याचं ते उत्तर मोठं वाटतं. ते तोंडदेखलं नव्हतं. पुढं हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण घरातल्या मधुवरसांची मुलगी यांचं लग्न शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांनी, मान्य केलं, आणि राजानं दोन्ही बापांना क्रूर शिक्षा दिली, असं परंपरा सांगते. खालच्या मानलेल्या माणसाला बरोबरीनं बोलवलं की उद्या तो बरोबरीनं बसेल, हे सत्तेला पुरतं कळलं होतं.

शरणांच्या चर्चासभेची, अनुभव मंटपाची, आठवण म्हणून बसवकल्याणला नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी 2021 साली झाली. इमारत उभी राहावी, जरूर राहावी. पण बसवण्णांचा हा धडा गिरवायला इमारत लागत नाही, निधी लागत नाही. खुर्चीत बसलेल्यानं समोर उभ्या असलेल्याला आधी ‘या, बसा’ म्हणावं. मालकानं सालगड्याला म्हणावं, मास्तरांनी शिपायाला, डॉक्टरनं खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्याला. मराठीत म्हणा, कन्नडात म्हणा, दखनीत म्हणा. लहानांना ‘मोठ्यांशी नीट बोल’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. आता मोठ्यांनी शिकायची पाळी आहे.