टेस्टरकाका

शर्टाच्या खिशाला लोक पेन लावतात. आमच्या सोसायटीतले काका टेस्टर लावतात. लग्नाच्या रिसेप्शनलासुद्धा. हयात गेली बँकेत, विजेशी संबंध काय तो काउंटरवरच्या पंख्यापुरता. पण निवृत्तीनंतर कोणाला कीर्तन सापडतं, कोणाला शेअर बाजार. यांना सापडला स्विचबोर्ड. (खरा वायरमन निवृत्त झाला की घरचा बल्बही मुलाकडून बदलून घेतो.)

कोणाचा मिक्सर बंद पडला हे त्यांना कसं कळतं, देव जाणे. "हात लावू नका, आलो!" अशी जिन्यातूनच हाक येते आणि पाठोपाठ रबरी चपला, कापडी पिशवी आणि काका. पिशवीत काळी चिकटपट्टी, जुन्या होल्डरला वायर जोडून केलेला सिरीज लॅम्प आणि मुलाने पाठवलेला मल्टिमीटर. तो बरेच दिवस वेष्टनातच होता. "त्यात नुसते आकडे येतात," काका तुच्छतेने सांगतात. जन्मभर आकडेच पाहिलेल्या माणसाचा हा सूड असावा.

तपासणीचा विधी ठरलेला. टेस्टर सॉकेटच्या भोकात, बोट टोपीवर, एक डोळा बारीक. आतला इवलासा निऑन उजळला की निकाल: "करंट आहे. म्हणजे तुमचं वायंडिंग गेलं." टेस्टर बिचारा एवढंच सांगतो की या भोकात फेज आहे. आतल्या मोठ्या रेझिस्टन्समधून आणि काकांच्या अंगातून जेमतेम थेंबभर वीज जमिनीकडे जाते, त्यावर तो पेटतो. परतीची वाट, म्हणजे न्यूट्रल, शाबूत आहे का, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. आणि ती वाट नसेल तर 230 व्होल्ट नुसते दारात ताटकळतात. फक्त जमेची बाजू पाहून खातं जुळलं म्हणणारा कारकून काकांनी बँकेत एक दिवस टिकू दिला नसता.

तिसऱ्या मजल्यावर इस्त्री गार पडली, तेव्हा तर कहर झाला. पिन लावलेली, स्विच चालू. काकांनी बोर्ड उघडून सॉकेटच्या दोन्ही स्क्रूंना टेस्टर लावला आणि दोन्हीकडे उजेड! "दोन्हीकडून फेज! डबल करंट! म्हणूनच जळाली!" खरं तर एकच फेज इस्त्रीच्या कॉइलमधून पलीकडच्या स्क्रूपर्यंत येऊन थांबला होता, कारण पुढे न्यूट्रलची तार निसटली होती. वरच्या मजल्यावरची आयटीआयला जाणारी मुलगी आली. तिने मेन बंद केला, पिन उपसली, काकांच्याच पिशवीतल्या मल्टिमीटरचं वेष्टन फाडलं आणि इस्त्रीच्या पिनेवर ओहम मोजले. 1000 वॅटच्या इस्त्रीला साधारण 53 यायला हवेत, तेवढेच आले. "इस्त्री ठणठणीत आहे, आजोबा. बोर्डातला न्यूट्रल सुटलाय."

"मी तेच म्हणत होतो," काका म्हणाले.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. पंखा नुसता गुणगुणतोय आणि झाडूच्या दांड्याने ढोसल्यावर फिरायला लागतोय, हे दिसताच त्यांनी कंडेन्सर बदलायला सांगितला. अडीच मायक्रोफॅरडचा नवा बसला आणि पंखा पळाला. निदान अचूक होतं. त्यानंतर त्यांना आवरणं कोणाला जमलेलं नाही. मिक्सरच्या बुडाशी ओव्हरलोडचं लाल बटण असतं, मिक्सर जरा निवू देऊन ते दाबलं की बहुतेकदा काम होतं, हे काकूंना ठाऊक आहे. पण काका समोर असताना त्या ते दाबत नाहीत. संसार टिकवायचा असतो.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. हिरव्या वायरचं नाही. "ही शोभेची," म्हणत काका अर्थिंगची तार कापून मोकळे होतात, आणि मग फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, त्याला ते हवामान म्हणतात. गेलेला करंट आणि आलेला करंट यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला तर ईएलसीबी खटकन पडतो. ज्यांनी कॅशमधल्या रुपयाच्या तफावतीसाठी अख्खी शाखा रात्री थांबवली, त्यांनाच हा डबा "फार हळवा" वाटतो आणि तो काढून टाकावासा वाटतो.

तुमच्याकडे काका आले तर चहा जरूर द्या. आधी मेन बंद करा, मल्टिमीटरमध्ये सेल घाला, आणि हिरव्या वायरपाशी स्वतः उभे राहा.