बॉर्डर की बाउंड्री?

आमच्या भालकीकडं लग्न जमलं की आधी मुहूर्त काढतात, मग कार्यालय ठरवतात आणि पत्रिका छापायला निघाली की मला शोधतात. मजकूर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असा तिन्ही भाषांत. पैकी इंग्रजीचा मानपान माझ्याकडं. मेहुण्यांच्या मुलीचं उदगीरला जमलं. नवरदेव हैदराबादला संगणकात, म्हणून त्याच्या साहेबांना कळेल असं सगळं इंग्रजीत हवं होतं. हळद आणि अक्षता सुरळीत पार पडल्या. सीमांतपूजनाशी मी अडलो. सीमेला बॉर्डर म्हणावं की बाउंड्री?

खरं तर हे सरकारनंच ठरवून द्यायला हवं होतं. १९६६ साली केंद्रानं महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी न्यायमूर्ती मेहरचंद महाजनांचा आयोग नेमला. महाजन १९४७ साली पंजाबच्या फाळणी आयोगावरही होते. म्हणजे रेघा ओढण्याचा अनुभव दांडगा. दोन्ही आयोगांच्या इंग्रजी नावात 'बाउंड्री' आहे. १९६७ मध्ये अहवाल आला, महाराष्ट्रानं तो नाकारला, २००४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आणि इंग्रजी वर्तमानपत्रं मात्र त्याला 'बॉर्डर डिस्प्यूट' म्हणतात. रेघ कुठून जावी हे राहू द्या, तिला हाक कशी मारावी यावरही एकमत नाही.

डिक्शनरी म्हणते, बाउंड्री ही नुसती रेघ. बॉर्डरमध्ये रेघेच्या आजूबाजूचा मुलूखही येतो. रेघेवर कुणाला राहता येत नाही. आम्ही मुलखात राहतो: पाटी कन्नडमध्ये वाचतो, भाव दखनीत पाडतो आणि भांडण मराठीत करतो. या हिशेबानं बॉर्डर बरोबर. पण नवरदेव ओलांडणार ती रेघच, कमालनगर आणि उदगीरच्या मधली. त्याच्या आजोबांच्या लग्नात ती नव्हती, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत उदगीर आमच्या बिदर जिल्ह्यातच होतं. तेव्हा राज्याची सीमा नसताना वऱ्हाडाला शिवेवर थांबवून पूजा व्हायची. आता दोन राज्यांमधली सीमा आहे, तर पूजा कार्यालयाच्या पायरीवर उरकते.

प्रेसमधला कन्नड मजकूर जुळवणारा पोरगा मदतीला धावला. "सर, गडी लिहा की!" कन्नडमध्ये सीमेला गडी म्हणतात. 'गडीपूजन' छापलं असतं तर मराठी पाहुण्यांना वाटलं असतं, नवरदेव राहिला बाजूला, हे सालगड्याला ओवाळणार आहेत.

तेवढ्यात मेहुणे आले. "दाजी, कवाधरनं काय बघलालाव नुसतं? सोप्यात सांगा."

मी म्हणालो, "बाउंड्री म्हणजे आपल्या शेताचा बांध समजा. बॉर्डर म्हणजे गावची शीव, शिवारासकट."

मेहुण्यांचा चेहरा उतरला. थोरल्या भावाशी त्यांचा बांधावरून दावा चालू आहे. दर पावसाळ्यात बांध वीतभर सरकतो आणि तारीख वर्षभर.

"मग बाउंड्री अजिबात नको," ते म्हणाले. "थोरले येणार हायत लग्नाला. त्यांचा नातू इंग्लिश मीडियमला हाय. त्यानं 'बांधपूजन' वाचून दाखवलं, तर अक्षता टाकायच्या आधी मोजणी मागतील."