शेजारी टॉवर येत असल्यास : रहिवाशांसाठी मार्गदर्शक सूचना

शेजारच्या जुन्या बंगल्याभोवती एका रात्रीत निळे पत्रे उभे राहिले, की समजावे, आपल्याला उशीर झाला आहे. पत्रे लागेपर्यंत मोजणी झालेली असते, नकाशे मंजूर झालेले असतात, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणून इथे वापरायचा बांधकामाचा हक्क) विकत घेऊन झालेला असतो आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्या कलम ४५ खालचे प्रारंभ प्रमाणपत्र बिल्डरच्या फायलीला लागलेले असते. तरी खचून जाऊ नये. पुण्यातल्या रहिवाशाचा पराक्रम उशीर झाल्यावरच सुरू होतो.

सर्वप्रथम कृती समिती स्थापन करावी. नावात 'बचाव', 'संघर्ष' आणि 'हक्क' यांपैकी किमान दोन शब्द हवेत. अध्यक्ष पाटबंधारे किंवा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले असावेत. घोषणा ऐकून महापालिकेत कोणी मान वर करत नाही, पण 'संदर्भ : आपले पत्र जा.क्र.' अशी सुरुवात असलेला कागद आला की त्याचे काहीतरी करावेच लागते, आणि असा कागद लिहिण्याची विद्या आता पेन्शनरांकडेच शिल्लक आहे. सचिवपद दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना द्यावे. कोण कधी घरी सापडतो हे त्यांना पाठ असते. खजिनदार नेमू नये. नेमला की वर्गणी काढावी लागते, आणि वर्गणी निघाली की समिती बरखास्त होते.

पहिल्या सभेत ज्याला त्याला मन मोकळे करू द्यावे. मग हरकती निवडायला बसावे. 'आमच्या गॅलरीतून टेकडी दिसणार नाही' ही हरकत बाजूला काढावी. देखाव्यावर कायद्याने कोणाचा हक्क नसतो. 'उजेड जाईल' ही बरी. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे इमारतीला वीस वर्षे अखंड मिळत आलेल्या उजेडावर आणि हवेवर हक्क सांगता येतो. मात्र हा हक्क खिडकीचा आहे. कलम १७ मोकळ्या जागेला तो देत नाही, त्यामुळे तुळशीवृंदावनावर सावली पडते म्हणून रडू नये. शिवाय त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि तिथे निकाल लागेपर्यंत टॉवरला रंगाचा दुसरा हात लागतो. 'पाणी पुरणार नाही' हे खरे आहे, परंतु टँकर आपल्याही दारात येतो. राहिली 'कसले लोक येतील कोण जाणे' ही हरकत. ती सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या आवाजात मांडली जाते, इतिवृत्तात मात्र कधीच येत नाही. टॉवरमधल्या फ्लॅटचा भाव आपल्या दुप्पट असल्यामुळे हाच प्रश्न तिथले लोक आपल्याबद्दल विचारणार आहेत, हे सभेला हळूच सांगावे.

आता कागद गोळा करावेत. पाचशे चौरस मीटरहून मोठा भूखंड आणि आठाहून जास्त फ्लॅट, असे दोन्ही असेल तर प्रकल्पाची महारेरा या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. मंजूर नकाशा महारेराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. तरीही समितीतल्या एका काकांना माहितीच्या अधिकारात अर्ज करायचाच असतो. करू द्यावा. दहा रुपये लागतात, उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, आणि तेवढे दिवस काका इतर कामात लक्ष घालत नाहीत.

नकाशात एकच गोष्ट पाहावी : रस्त्याची रुंदी. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. त्या नियमावलीत इमारतीवर किती टीडीआर चढवता येईल, हे समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर ठरते. नकाशात नऊ मीटर लिहिले आहे आणि आपल्या गल्लीतून दोन रिक्षा शेजारून जात नाहीत. इथे समितीला गड जिंकल्यासारखे वाटते. रविवारी सकाळी टेप घेऊन सर्वांनी खाली उतरावे. अध्यक्षांनी एक टोक धरावे, दुसरे त्यांच्याच नातवाने. साडेसात मीटर भरते. टाळ्या वाजतात. मग कोणीतरी विचारतो, उरलेला दीड मीटर गेला कुठे? टेप हळूहळू आपल्या बाजूला सरकते. आपली कंपाउंडची भिंत रस्त्यात दोन फूट पुढे आहे. वॉचमनची केबिन तर संपूर्णच रस्त्यात आहे. जोशीकाकांनी पेरू लावला तो वाफाही महापालिकेचा निघतो. अशा वेळी टेप शांतपणे गुंडाळावी, फोटो काढले असतील तर पुसून टाकावेत आणि सभा झाडांच्या विषयाकडे वळवावी.

हेच पथ्य सामासिक अंतराबाबत पाळावे. बिल्डरने बाजूला किती जागा सोडली याची तक्रार केल्यास बांधकाम विभागाचे निरीक्षक येतात, आणि आल्यावर ते दोन्हीकडे बघतात. आपल्या बाजूच्या मोकळ्या जागेत स्कूटरसाठी ठोकलेली शेड आणि तळमजल्यावाल्यांनी बंद केलेली गॅलरी त्यांना आधी दिसते. नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची, बेकायदा बांधकामाची नोटीस कोणत्या दारावर चिकटेल, याची कोणीही हमी देऊ शकत नाही.

झाडे मात्र खरोखर कामाची. १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली झाड तोडण्याआधी झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकतीसाठी सात दिवस मिळतात. ही नोटीस खोडाच्या आतल्या बाजूला, पत्र्यांच्या पलीकडे लावण्याची प्रथा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते. बंगल्यातल्या आंब्याचे वय ठरवण्यासाठी गल्लीतल्या सर्वांत वृद्ध आजींकडे जावे. 'पानशेत धरण फुटलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात लावला,' असे त्या सांगतात, म्हणजे १९६२. आजींचा जबाब लेखी घ्यावा, सही घ्यावी आणि त्यांना सुनावणीला नेण्यासाठी रिक्षा सांगून ठेवावी.

पर्यावरण मंजुरीच्या नावाने फार आशा धरू नये. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती वीस हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढे लागते, आणि लागली तरी इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. एका साध्या इमारतीच्या परवानगीवर शेजाऱ्याला हरकत विचारणारी पायरी कायद्यात नाहीच. हे कळल्यावर समितीत जी शांतता पसरते तिचा उपयोग चहा करण्यासाठी करावा.

चहा होतो न होतो तोच बिल्डरचा निरोप येतो. तो समितीला ऑफिसात बोलावतो, अध्यक्षांना 'साहेब' म्हणतो, वहिनींना 'ताई' म्हणतो, सर्वांचे ऐकून घेतो, एका वहीत लिहितोही. रात्री दहानंतर काम बंद, धूळ उडू नये म्हणून हिरवी जाळी, तुमची भिंत रंगवून देतो. सगळे उठायला लागतात तेव्हा तो सहज विचारतो, 'तुमची बिल्डिंग किती सालची हो?'

इथपर्यंतच्या सर्व सूचना या क्षणी संपतात. परतताना जिन्यातच दोन गट पडतात. शासनाच्या जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार पुनर्विकासाला एकावन्न टक्के सभासदांची संमती पुरते, ही माहिती ज्यांना माहितीच्या अधिकारातून काहीच मिळाले नव्हते त्या काकांना तोंडपाठ असते. 'शेजारी अकरा मजले चालतात, मग आपल्याला का नाही?' असे तेच विचारतात. पुढच्या रविवारी समितीची बैठक असते, विषय मात्र वाढीव कार्पेट आणि भाड्याचा असतो. मागच्या गल्लीतले बंगलेवाले त्याच सुमारास आपल्याविरुद्ध कृती समिती काढतात. नावात 'बचाव' असतो.

ज्यांची समिती अजून शाबूत आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. टॉवर किती उंच होणार हे बिल्डरच्या ऑफिसात ठरत नाही. ते विकास आराखडा आणि नियमावली होते तेव्हा ठरते, आणि तेव्हा हरकती मागवल्या जातात. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा २०१५ मध्ये हरकतींच्या माऱ्यामुळे सरकारला मागे घ्यावा लागला. आराखड्यात एखादा फेरबदल करायचा असला तरी नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली नोटीस निघते आणि कोणालाही एक महिन्यात हरकत घेता येते. ही नोटीस वर्तमानपत्रात बारीक टायपात, हरवले-सापडलेच्या शेजारी असते. ती रोज वाचायचे काम पेन्शनरांपैकी एकाला नेमून द्या. हरकतीत सर्व्हे नंबर, नियमाचा क्रमांक आणि नेमका कोणता बदल हवा ते लिहा, भावना लिहू नका. कागद दोन प्रतींत न्या, आणि आवक-जावकच्या खिडकीवरून तारखेचा शिक्का असलेली पोहोच हातात पडल्याशिवाय हलू नका.