शेवटच्या रात्री उरकलेलं चित्र

तीन-तीन वर्षं खपून गेम बनवायचा आणि दुकानात लावायचं चित्र मात्र प्रकाशनाच्या आदल्या रात्री उरकायचं. एकट्यानं किंवा चार-पाच जणांत मिळून गेम बनवणाऱ्यांमध्ये ही खोड इतकी पसरली आहे की आता तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. तुमचं संगीत, तुमची कोडी, शेवटच्या टप्प्यावरचा राक्षस यातलं काहीही गिऱ्हाइकाला आधी दिसत नाही. आधी दिसतं ते चित्र, तेही बोटाच्या पेरांत मावेल एवढं.

पीसी गेमचं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे स्टीम. २०१७ पासून तिथे १०० डॉलर भरले की कुणालाही गेम लावता येतो. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून जास्त गेम आले, म्हणजे रोज पन्नासच्या आसपास. या रेट्यात तुमच्या वाट्याला येणाऱ्या चित्राला कॅप्सूल म्हणतात. आडवी हेडर कॅप्सूल ९२० बाय ४३० पिक्सेल, उभी ७४८ बाय ८९६, छोटी ४६२ बाय १७४. या आकड्यांवर भाळू नका. छोट्या कॅप्सूलमधूनच स्टीम १८४ बाय ६९ आणि १२० बाय ४५ अशा आणखी बारीक प्रती आपोआप काढतं. गिऱ्हाईक शोधयादी खाली-खाली सरकवत असतं तेव्हा त्याच्या नजरेखालून त्याच जातात.

आता एक नेहमीचं चित्र घेऊ. पाठमोरा नायक, हातात तलवार, समोर दरी, दरीपलीकडे किल्ला, किल्ल्यावर ड्रॅगन, वर जांभळं आभाळ आणि खाली नाजूक, वळणदार अक्षरांत नाव. पूर्ण पडद्यावर हे देखणं दिसतं. तेच १२० बाय ४५ मध्ये आणा. ड्रॅगनचा डाग होतो. किल्ला आभाळात विरतो. हात आणि तलवार मिळून एकच रेघ उरते. नावाची उंची जेमतेम पाच-सहा पिक्सेल राहते आणि एकही अक्षर लागत नाही. स्टीमच्या पानाची पार्श्वभूमी मुळात गडद निळी आहे, त्यामुळे तुमचा जांभळट आयत तिच्यात जवळजवळ मिसळून जातो. चित्रकारानं महिनाभर घाम गाळलेला असतो आणि गिऱ्हाइकाला तिथे काही होतं हेसुद्धा कळत नाही.

याच्यासमोर ‘हॉलो नाइट’ ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या टीम चेरी या मूठभर लोकांच्या स्टुडिओनं २०१७ मध्ये आणलेला गेम. तोही काळोखाचा, निळसर काळ्या रंगांचा. पण त्याच्या नायकाकडे बघा: पांढराशुभ्र, दोन शिंगांचा मुखवटा आणि त्यात डोळ्यांची दोन काळी भोकं. बस्स. हा चेहरा कितीही लहान करा, ओळखू येतो. तुमच्या नायकाची नुसती काळी सावली काढली तर तो ओळखू येईल का, हे गेमचं पहिलं रेखाटन करतानाच विचारायला हवं. कॅप्सूलपाशी येऊन विचारलं तर उशीर झालेला असतो.

ओळख पटली की लगेच दुसरा प्रश्न येतो: यात करायचं काय? पत्त्यांचा गेम आहे, शेतीचा आहे, शहर वसवायचं आहे की अंधारात जीव मुठीत धरून पळायचं आहे? ‘बालात्रो’ हा कॅनडातल्या एका माणसानं बनवलेला गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि वर्षभरातच त्याच्या पन्नास लाख प्रती खपल्या. पोकरच्या पत्त्यांवर उभा असलेला हा गेम जोकरचा चेहरा घेऊन गिऱ्हाइकासमोर जातो. ज्याला पत्ते आवडतात तो थांबतो, ज्याला आवडत नाहीत तो पुढे जातो, आणि दोघांचाही वेळ वाचतो. शेतीच्या गेमवर धुकं आणि कवट्या काढणारा चित्रकार स्वतःच्या आवडीचं चित्र काढतो आहे. गेमचं चित्र काढायचं राहूनच जातं.

इथे एक खोटेपणाही चालतो, तो मला खपत नाही. आत साधा पिक्सेलचा गेम आणि कॅप्सूलवर सिनेमाच्या तोडीचं युद्ध. चित्र गेमपेक्षा देखणं असायला हरकत नाही. अटारी २६०० च्या काळात खोक्यावर रंगवलेली सुंदर चित्रं असायची आणि आत पडद्यावर चार चौकोन हलायचे. पण आज स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करून पैसे मागता येतात. चित्रानं फसवून आणलेलं गिऱ्हाईक पहिल्या तासातच परत जातं आणि जाताना वाईट शेरा ठेवून जातं. चित्राचा भाव आणि गेमचा भाव एक असला पाहिजे. हसरा गेम असेल तर हसरं चित्र, एकाकी असेल तर एकाकी.

मजकुराबद्दल वाद घालायची सोयच उरलेली नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमनं नेहमीच्या कॅप्सूलवर परीक्षणांतले तारे, पुरस्कारांची पानं-फुलं आणि सवलतीचे आकडे लावायला बंदी केली. गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक, एवढंच चालतं. हा निर्णय मला शंभर टक्के पटतो. इंग्रजी कौतुकाचा तो कचरा छोट्या आकारात कुणाला वाचता येत नव्हता आणि इंग्रजी न येणाऱ्या खेळाडूला तर त्याचा काडीचा उपयोग नव्हता. आता जी जागा मोकळी झाली ती नावाला द्या. छोटी कॅप्सूल नावानं जवळजवळ भरून टाका, असं स्टीमच्या स्वतःच्या सूचनाच सांगतात. तरी लोक तिथे मोठं चित्र जसंच्या तसं आवळून बसवतात. प्रत्येक आकारासाठी मांडणी नव्यानं करावी लागते. उभ्या कॅप्सूलमध्ये नायक वर आणि नाव खाली चालेल. आडव्या पट्टीत कदाचित नायकाचा फक्त चेहराच राहील, किंवा तोही जाईल.

आपल्याकडच्या मुलामुलींसाठी हे जास्तच महत्त्वाचं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. राजवाडे, देवदेवता, असुर, लघुचित्रांची शैली असा दाखवण्यासारखा ऐवज त्यात खच्चून भरलेला आहे. पण गेमचा गाभा म्हणजे भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी आणि दुर्गेनं तिला दिलेलं त्रिशूळ. गेम पुण्याचा आहे हे त्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं आणि तो अ‍ॅडलेडच्या, कॅनडाच्या गेमच्या शेजारी उभा असतो. आपल्या पुराणांवर, किल्ल्यांवर गेम करणाऱ्यांना सगळं एकाच चित्रात कोंबायचा मोह होतो. गड, मावळे, भगवा, तोफ, घोडा आणि वर नाव! त्यातलं एक निवडा आणि बाकीचं काढून टाका. जीवावर आलं तरी काढा.

चाचणीला पैसे लागत नाहीत. स्टीमच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या, मधोमध तुमचं चित्र चिकटवा आणि गेम न खेळणाऱ्या मावशीला किंवा शेजारच्या काकांना फोनवर दाखवा. तुमचं कुठलं ते सांगू नका. नजर कुठे थांबली आणि त्या गेममध्ये काय करायचं असेल, एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका. मग चित्रातले रंग काढून ते करड्या छटांत बघा. तिथे नाव वाचता येत नसेल तर रंगांनीही ते वाचणार नाही. गूगल प्लेवर तर दोन आयकॉन खऱ्या गिऱ्हाइकांपुढे ठेवून तुलना करायची सोय आहे, ती वापरा.

आणि चित्र स्वतः काढता येत नसेल तर चित्रकाराला पैसे द्या. एआयकडून फुकट काढून घेतलेलं चकचकीत चित्र लावू नका. तसली चित्रं एकमेकांसारखीच दिसतात, आणि आपलं वेगळेपण दाखवायची जी एकमेव जागा होती तीच तुम्ही घालवता. गेममध्ये एआयनं बनवलेलं काही असेल तर ते स्टीमवर जानेवारी २०२४ पासून जाहीर करावं लागतं आणि ते पानावर दिसतं. खेळाडू ते वाचतात.

चित्रकाराला काम प्रकाशनाच्या आदल्या आठवड्यात देऊ नका. गेमचं पान ज्या दिवशी उघडता, त्या दिवसापासून लोक तो विशलिस्टमध्ये टाकायला लागतात, त्यामुळे चित्र त्याआधी तयार हवं. चित्रकाराकडे थरांसकट मूळ फाइल आणि नावाचा लोगो वेगळा मागा, म्हणजे पुढे आकार बदलले तरी अडत नाही. हक्क कुणाचे, हे लेखी ठरवा. मोबदला काम सुरू होण्याआधी ठरवा आणि वेळेवर द्या. आणि गेमच्या श्रेयनामावलीत त्या चित्रकाराचं नाव न विसरता घाला.