प्लॅटिनमकाका

प्लॅटिनमकाकांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे. ते हल्ली फक्त कुरियरवाला वाचतो. बाकी सगळ्यांना हा माणूस प्लॅटिनमकाका म्हणूनच ठाऊक. खुद्द काकांची या नावाबद्दल तक्रार असलीच तर एवढीच, की गेल्या ३१ मार्चपासून ते कागदोपत्री नुसते सिल्व्हर आहेत. आम्ही ते मनावर घेत नाही. पडलेल्या आमदारालाही गावात आमदारसाहेबच म्हणतात.

काका पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात विक्री विभागात होते. सोमवारी दिल्ली, गुरुवारी कोईमतूर, मधेच कोलकाता. तिकीट कंपनीचं आणि मैल काकांचे. पैसा साहेबाचा नि पुण्य आपल्या खात्यात, ही सोय कुठल्याही नोकरदाराला आवडावी अशीच आहे, आणि विमान कंपन्यांनी ती मुख्यतः त्याच्यासाठीच काढलेली आहे. स्वतःच्या खिशातून भाडं देणारा स्वस्त तिकीट शोधतो. साहेबाच्या खिशातून जाणाऱ्याला जरा लाडावलं, की तो दोन हजारांनी महाग विमान निवडतो आणि प्रवासखर्चाच्या कागदावर 'वेळ सोयीची होती' असं लिहितो.

या योजनांचा इतिहास काकांना पाठ आहे. अमेरिकन एअरलाइन्सने आपली पॉइंट योजना सुरू केली ती १ मे १९८१ रोजी. त्यानंतर आठवड्याभरात युनायटेडने आपली काढली. पण काकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती पहिली तारीख. सोसायटीत दर महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन होतं आणि ज्येष्ठ नागरिक म्हणून काकांना दोन शब्द बोलायला सांगतात. काका १०६ हुतात्म्यांना वंदन करतात आणि लगेच म्हणतात, "आजच्याच दिवशी, एकवीस वर्षांनंतर, आणखी एक ऐतिहासिक घटना घडली." लहान मुलं चिक्कीकडे बघत उभी असतात. अध्यक्ष घड्याळाकडे बघतात. यंदा त्यांनी काकांच्या भाषणाआधीच चिक्की वाटली.

निवृत्तीनंतर माणसाची केबिन जाते, गाडी जाते, दिवाळीचे सुकामेव्याचे डबे येईनासे होतात. काकांनी हे सगळं स्थितप्रज्ञासारखं सोसलं. मग एके दिवशी विमान कंपनीचा मेल आला, की आपण गेल्या वर्षी पुरेसा प्रवास न केल्यामुळे आपली श्रेणी गोल्ड करण्यात येत आहे. त्या रात्री काका जेवले नाहीत. काकूंना काही कळेना. "अहो, पीएफ तर पूर्ण मिळाला ना?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

गोल्डचंही सिल्व्हर होऊ घातलं तेव्हा काकांनी हालचाल केली. मार्च संपायच्या आत दोन फेऱ्या कमी पडत होत्या. काका पहाटेच्या विमानाने लोहगावहून दिल्लीला गेले आणि दुपारच्या विमानाने परत आले. विमानतळाच्या बाहेर पडलेच नाहीत. काकूंनी हौसेने विचारलं, "दिल्लीत काय पाहिलंत?"

"गेट क्रमांक एकेचाळीस," काका म्हणाले. "पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे."

एवढं करूनही श्रेणी गेलीच, कारण मधल्या काळात कंपनीने मैल मोजायचं सोडून रुपये मोजायला सुरुवात केली होती. हा बदल आता जगभर बऱ्याच कंपन्यांनी केला आहे. लांबचा प्रवास स्वस्तात करणाऱ्यापेक्षा जवळचा प्रवास महागात करणारा कंपनीला प्यारा. यात खरं तर काहीच गैर नाही, किराणा दुकानदारही तेच करतो. पण काकांना तो विश्वासघात वाटतो. "आम्ही त्यांच्या विमानात बसलो," ते म्हणतात, "ह्यांना बसणारा नको, देणारा हवा!"

तेव्हापासून काकांनी मोर्चा क्रेडिट कार्डाकडे वळवला. काकांबरोबर हॉटेलात जेवायला गेलं की बिल तेच भरतात. वेटरने फोल्डर टेबलावर ठेवायच्या आत त्यांचं कार्ड त्यात असतं. नवख्या माणसाला भरून येतं. मग हात धुवून येईपर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलवर आपापल्या वाट्याची रक्कम मागणारा संदेश आलेला असतो, पैशांपर्यंत अचूक. पुतणीच्या लग्नात केटररला धनादेश द्यायचं ठरलं होतं. काकांनी व्याह्यांना बाजूला घेऊन "माझ्या कार्डावर घ्या, मला नंतर द्या" अशी गळ घातली. व्याही हा प्रसंग अजून 'मुलीच्या काकांचं मोठं मन' म्हणून सांगतात.

त्यांचं दैवत म्हणजे डेव्हिड फिलिप्स नावाचा कॅलिफोर्नियातला इंजिनिअर. १९९९ मध्ये एका खाद्यपदार्थ कंपनीने पाकिटांवरच्या कोडच्या बदल्यात हवाई मैल द्यायची जाहिरात केली. या गृहस्थाने हिशेब केला, की सर्वांत स्वस्त पदार्थ म्हणजे पुडिंगच्या छोट्या वाट्या. त्याने १२,१५० वाट्या घेतल्या, तीन हजारांवर थोडे डॉलर मोजले आणि साडेबारा लाख मैल मिळवले. लेबलं सोलायला माणसं हवीत म्हणून त्याने पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दिलं, तिथल्या स्वयंसेवकांनी लेबलं सोलून दिली, आणि वर त्या दानावर त्याने करसवलतही घेतली. ही कथा सांगताना काकांचा आवाज कीर्तनकारासारखा खाली येतो. काकूंनी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा एकच प्रश्न विचारला होता. "बारा हजार वाट्या ठेवल्या कुठे? त्याच्या बायकोचं काही छापून आलंय का?"

प्रवासाच्या आदल्या रात्री काकांच्या घरी जे चालतं त्याला तयारी म्हणणं कमीपणाचं आहे. देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेला सात किलो. काकांकडे हुकाचा वजनकाटा आहे, तो स्वयंपाकघराच्या दाराला लटकतो. बॅग सात किलो दोनशे ग्रॅम भरली की काका आतून काहीतरी काढून अंगावर घालतात. भर मे महिन्यात ते जाकीट घालून निघतात. खिशात पॉवर बँक, चार्जर, औषधांची पेटी, शिवाय चपलांचा एक जोड. (पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायची नसतेच, एवढा मात्र काकांचा नियम पक्का आणि बरोबर.) काकूंच्या पिशवीची वेगळी झडती होते. सुक्या खोबऱ्याला विमानात मज्जाव आहे, त्यात तेल असल्यामुळे ते पेट घेऊ शकतं. हे कळल्यापासून काका काकूंच्या तिखट-मिठाच्या डब्यांकडे दारूगोळा असल्याप्रमाणे बघतात. एकदा काकूंनी खोबऱ्याची वाटी लपवून नेली, असं त्यांच्या बहिणीचं म्हणणं आहे. सुरक्षा जवानाने काढलीच. त्या वेळी काका दहा पावलं दूर उभे राहून दुसरीकडचा फलक वाचत होते.

विमानतळावर काका तीन तास आधी पोचतात, लाउंजसाठी. तिथे कार्डावर दोन रुपये घेतात आणि पोटभर खाऊ घालतात, ही गोष्ट साऱ्या भारताला एकाच वर्षी समजली, त्यामुळे आता लाउंजबाहेरची रांग सुरक्षा तपासणीच्या रांगेहून लांब असते. बँकाही शहाण्या झाल्या. आधी तिमाहीत ठरावीक खर्च करा, मग फुकट इडली खा, असा नियम बऱ्याच जणींनी केला. तो खर्च भरावा म्हणून काकांनी मार्चमध्ये नवा फ्रिज घेतला. जुना चालू होता. दोन रुपयांच्या इडलीची खरी किंमत काढायची असेल तर त्यात फ्रिज धरावा लागेल, असं मी म्हणून पाहिलं. काका म्हणाले, "पण फ्रिजवर पॉइंट मिळाले ते वजा कर ना."

काकांचं खरं रूप मात्र बोर्डिंग गेटवर प्रकट होतं. विमानात जागेचा नंबर आधीच ठरलेला असतो. पहिला चढणारा आणि शेवटचा चढणारा एकाच वेळी मुंबईला, नाहीतर बंगळूरला, उतरतात. हे काकांना कळत नाही असं नाही. पण ते स्वारगेटच्या एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून मोठे झालेले आहेत. 'जागा ठरलेली आहे' या वाक्यावर त्यांच्या पिढीने कधी विश्वास ठेवलेला नाही. शिवाय डोक्यावरच्या कप्प्याला नंबर नसतो. तिथे जो आधी तो खरा.

म्हणून घोषणेच्या वीस मिनिटं आधी काका गेटच्या उजव्या बाजूला, 'प्राधान्य' लिहिलेल्या पट्ट्यात जाऊन उभे राहतात. ते उभे राहिले की मागे पाचपन्नास माणसं उगाचच उभी राहतात; आपल्याकडे कुणीतरी खात्रीने उभं आहे एवढं कारण रांगेला पुरतं. काका वळून त्यांचे बोर्डिंग पास वाचतात. "तुमचा झोन चार. बसून घ्या." लोक घाबरून बसतातही. अमेरिकन एअरलाइन्सने २०२४ च्या अखेरीस बऱ्याच विमानतळांवर अशी सोय केली, की आपल्या गटाआधी कुणी घुसला तर पास तपासणारं यंत्र आवाज करतं. ही बातमी काकांनी कुटुंबाच्या ग्रुपवर तीनदा टाकली. भारतात ते यंत्र यायचं आहे. तोवर काका आहेत.

चढण्याचं शास्त्रही त्यांच्याकडे आहे. जेसन स्टेफन नावाच्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने २००८ मध्ये संगणकावर मांडून दाखवलं, की मागच्या रांगांपासून गठ्ठ्याने माणसं सोडली तर सगळे एकाच जागी अडकतात. त्यापेक्षा आधी खिडकीवाले, तेही एकाआड एक रांगेतले, मग मधले, मग वाटेकडचे, असं सोडलं तर कितीतरी कमी वेळात विमान भरेल. पुढे खोट्या विमानात खरी माणसं बसवून प्रयोगही झाला आणि पद्धत जलद ठरली. ती जशीच्या तशी कोणी वापरत नाही, कारण तिच्यात आई, बाबा आणि मूल तिघांनी वेगवेगळं चढायचं असतं. काकांना यात अडचण दिसत नाही. त्यांनी काकूंना समजावलं, "मी खिडकी, म्हणजे पहिला. तू मधली, म्हणजे दुसऱ्या फेरीत."

"आणि बॅगा?"

"बॅगा मधलीबरोबर," काका म्हणाले.

काकांची एकच इच्छा अपुरी आहे. कंपनीने जागांहून जास्त तिकिटं विकलेली असावीत आणि आपल्याला गेटवर नाकारावं. नियम त्यांच्या ओठांवर आहे. आधी स्वेच्छेने थांबणारे शोधायचे, न मिळाल्यास ज्याला मनाविरुद्ध मागे ठेवलं त्याची तासाभरात दुसरी सोय केली नाही तर भरपाई: चोवीस तासांच्या आत सोय केली तर मूळ भाडं आणि इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये, त्यानंतर केली तर चौपट, कमाल २०,०००. काका दर वेळी काउंटरवरच्या मुलीला आशेने विचारतात, "आज गर्दी फार दिसते?" ती गोड हसून म्हणते, "काळजी करू नका सर, तुमची सीट कन्फर्म आहे." काकांचा चेहरा पडतो. पुतणीच्या लग्नाला जातानाही त्यांनी हे विचारलं होतं. मुहूर्त सकाळी दहाचा होता.

एवढे पॉइंट जमवून काका करतात काय, हा प्रश्न सुज्ञ वाचकाला पडला असेल. काही नाही. पॉइंट खर्च करायचे नसतात. मुदत संपत आली की एखादी छोटी खरेदी करून ते जिवंत ठेवायचे. पॉइंटांवरच्या तिकिटालाही कर आणि इतर आकार रोखच द्यावे लागतात, त्यामुळे 'फुकट' तिकिटाला काही हजार लागतात, हे एक कारण. दुसरं, चांगला योग अजून यायचा आहे. विमान कंपनी ही जगातली अशी बँक आहे जी नोटा स्वतः छापते आणि त्या नोटेत काय येईल हेही रोज सकाळी स्वतःच ठरवते. धंदा असा, की २०२० साली विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली पॉइंट योजना तारण ठेवून अब्जावधींचं कर्ज काढलं. योजनेचं मूल्य सांगितलं सुमारे २२ अब्ज डॉलर, आणि शेअर बाजारात तेव्हा अख्ख्या कंपनीची किंमत त्याहून कमी होती. विमानं उडवणं हा त्यांचा जोडधंदा असावा. आपल्याकडे जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडालं, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, पण तिची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीत असल्यामुळे पुढे नाव बदलून चालू राहिली. काका याला आत्म्याच्या अमरत्वाचा पुरावा मानतात.

गेल्या श्रावणात काकूंनी हे अमरत्व संपवलं. कुटुंबाचे पॉइंट एकत्र करायची सोय काकांनीच हौसेने करून ठेवली होती, ओटीपी काकूंच्या मोबाइलवर येत होता. काकूंनी भजनी मंडळातल्या तिघींना घेऊन वाराणसीची तिकिटं काढली, जायची-यायची. काकांना कळलं तेव्हा ते खुर्चीत बसले. पॉइंट गेल्याचं दुःख नव्हतं, असं ते आजही शपथेवर सांगतात. "पण पॉइंटाला एकतीस पैसे मिळाले गं! सिंगापूरच्या बिझनेस क्लासला ऐंशी पडले असते!"

"सिंगापूरला गंगा आहे का?" काकू म्हणाल्या.

काका त्यांना सोडायला विमानतळावर गेले. आत जाऊन गेटपर्यंत पोचवायचा विचार होता, पण दारातल्या जवानाने तिकीट मागितलं. काकांनी जुनं प्लॅटिनम कार्ड काढलं. जवानाने ते पुढून वाचलं, मागून वाचलं आणि अदबीने परत दिलं. "टिकट दिखाइए, साहब." काचेपलीकडे चौघी बॅगा ढकलत चालल्या होत्या. काकांनी फोन केला, "अगं, लाउंजचं कार्ड माझ्याकडेच राहिलं!" पलीकडून उत्तर आलं, की त्या बाकावर बसल्या आहेत आणि दशम्यांचा डबा उघडला आहे.

काका पार्किंगच्या खिडकीशी आले. मागे गाडीत एक अनोळखी तरुण सुटे शोधत होता. काका खाली उतरले, खिडकीत वाकून "कार्ड चालतं ना?" अशी खात्री केली आणि मग त्या तरुणाकडे वळून म्हणाले, "थांबा, तुमचेही माझ्या कार्डावर घ्यायला सांगतो. तुम्ही मला मोबाइलवर पाठवा. नंबर लिहून घ्या."